सैल खालची कवळी, बारीक झालेलं हाड आणि २.४ मिमीचे चार इम्प्लांट : नागपुरातलं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ६४, इतवारीत धान्याचं दुकान. वर-खाली दोन्हीकडे पूर्ण कवळी. खालची तिसऱ्यांदा करून घेतलेली, आणि तक्रार तिचीच. "वरची बरोबर बसते जी, खालची पोहे खातानाच वर येते." बोलताना नीट पाहिलं तर ओठ उघडायच्या आधी जीभ पुढे यायची, कवळीच्या आतल्या कडेवर टेकायची, आणि मगच शब्द बाहेर पडायचा. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्या माणसाची जीभ संध्याकाळपर्यंत दुखून यायची. तर्रीतले चणे, कडक भाकरी, भाजलेले दाणे केव्हाच सुटले होते.

यात कवळी बनवणाऱ्याचा दोष नव्हता. वरच्या कवळीला टाळूचा सगळा पृष्ठभाग मिळतो आणि लाळेच्या थरामुळे ती चिकटून राहते. खालच्या कवळीला मिळते फक्त नालेच्या आकाराची अरुंद पट्टी, त्यातही आतून जीभ आणि बाहेरून गाल-ओठ तिला सतत ढकलत असतात. शिवाय खालचं हाड लवकर झिजतं. कवळी वापरणाऱ्यांची वर्षानुवर्षं मापं घेऊन १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत खालच्या जबड्याची पुढची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट निघाली होती. म्हणूनच तिसरी कवळी पहिलीपेक्षा सैल असते. चौथी आणखी सैल झाली असती.

वैद्यकीय इतिहासात तीन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. मधुमेह होता, पण आटोक्यात, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचं माप) ७.२ टक्के. हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ मिलीग्रॅम चालू होती. आणि वीस वर्षं खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण) खाल्लेला, जो तीन वर्षांपूर्वी सुटला होता. नागपुरात इम्प्लांटचा, म्हणजे दातांच्या आधारासाठी हाडात बसवायच्या धातूच्या स्क्रूचा, विचार करताना खर्र्याचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा, तोही "तंबाखू खाता का?" अशा शब्दांत नाही. खर्रा खाणारे बरेच जण त्या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात, कारण त्यांच्या लेखी ती सुपारी असते. सुपारीमुळे गालाच्या आत तंतूंचे पट्टे तयार होतात आणि तोंड उघडणं कमी होतं. इथे दोन्ही गालांत बोटाला पट्टे लागत होते. कवळ्या लावून पुढच्या दातांच्या कडांमध्ये मोजलेलं अंतर ३२ मिमी भरलं. मागे दाढांच्या जागी काम करायचं असतं तर हँडपीस आणि ड्रिल आत नेणंच अवघड होतं. समोरच्या भागाला एवढं पुरतं. गाल, जिभेची कड आणि तिच्याखालचा भाग नीट तपासून पांढरा-लाल डाग किंवा न भरणारी जखम नाही याची खात्री केली, आणि खर्रा पुन्हा सुरू झाला तर इम्प्लांटही धोक्यात आणि तोंडही, हे मुलासमोर स्पष्ट सांगितलं. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्याला एक घ्यायची गोळी किंवा वर्षाला एक इंजेक्शन, असं काही चालू नव्हतं. हे वेगळं विचारावं लागतं. रोज घ्यायची नसल्यामुळे रुग्ण तिला औषधांत मोजत नाही, आणि त्या औषधांवर जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका असतो.

हाडाचं माप

सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन, करताना रुग्णाच्या कवळीची पारदर्शक नक्कल तोंडात ठेवली होती आणि तिच्यात गटापर्चाचे (एक्स-रेत उठून दिसणाऱ्या रबरासारख्या पदार्थाचे) ठिपके बसवले होते, म्हणजे हाड कुठे आणि दात कुठे हे एकाच चित्रात दिसतं. समोरच्या भागात हाडाची उंची १९ मिमी, म्हणजे भरपूर. रुंदी मात्र कमी. माथ्यावर धारदार कड, तिच्याखाली दोन मिमीवर ४.६ मिमी रुंदी, पुढे खाली सहाच्या वर. जिभेच्या बाजूला खोलगट भाग होता, पण इम्प्लांटच्या टोकाच्या बराच खाली.

इम्प्लांटभोवती ओठाच्या आणि जिभेच्या, दोन्ही बाजूंना निदान १ मिमी हाड उरायला हवं. ४.६ मधून ३.७५ मिमीचा नेहमीचा इम्प्लांट वजा केला तर दोन्हीकडे ०.४ मिमी राहतं. ते टिकणार नाही. ३.३ मिमीला दोन्हीकडे ०.६५. २.४ मिमीला १.१. निवड या वजाबाकीतून झाली. एवढ्या बारीक इम्प्लांटला मिनी म्हणतात.

मिनीशिवाय पर्याय दोन होते. पहिला, माथ्यावरची धार चार-पाच मिमी कापून रुंद हाड गाठायचं आणि नेहमीच्या जाडीचे दोन इम्प्लांट बसवायचे. खालच्या पूर्ण कवळीसाठी दोन इम्प्लांटचा आधार हा २००२ च्या मॅकगिल सहमतीपासून (कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांचं एकमत) पहिल्या पसंतीचा उपाय मानला जातो, आणि इथे उंची १९ मिमी असल्यामुळे कापूनही हाड उरलं असतं. हा पर्याय रुग्णापुढे पूर्ण मांडला. मधुमेह, मोठा चिरा आणि परत न येणारं हाड, या तीन कारणांनी तो त्यांना नको होता. दुसरा, हाड रोपून रुंदी वाढवायची. त्यात आणखी एक शस्त्रक्रिया, सहाएक महिन्यांची वाट आणि तेवढा काळ कवळीचा दाब त्या जागेपासून दूर ठेवणं आलं. दुकान चालवणाऱ्या माणसाला ते झेपणारं नव्हतं.

मिनी इम्प्लांट म्हणजे स्वस्तातला, तात्पुरता इम्प्लांट, असा समज अजून बराच आहे. सुरुवातीला ते खरोखरच तात्पुरत्या दातांना आधार म्हणून वापरले जात. आज खालच्या कवळीसाठी ते वर्षानुवर्षं ठेवण्याच्या हेतूने बसवतात. पण त्यासाठी व्यासाची किंमत इतर ठिकाणी भरावी लागते. गोल दांड्याची वाकण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे ३.७५ मिमीचा इम्प्लांट २.४ च्या जवळपास चौपट ताकदीचा, आणि २.४ मिमीचा १.८ पेक्षा सुमारे २.४ पट. म्हणूनच १.८ चा विचार आम्ही केला नाही आणि हाडात बसेल तो सगळ्यात जाड घेतला. धातूही साधं शुद्ध टायटॅनियम नको. ॲल्युमिनियम-व्हॅनॅडियम मिसळलेलं टायटॅनियम घ्यायचं.

संख्येचं उत्तर चाचण्यांत आहे. ब्राझीलमध्ये १२० रुग्णांवर झालेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खालच्या कवळीसाठी तीन गट केले होते: चार मिनी, दोन मिनी आणि नेहमीच्या जाडीचे दोन. वर्षभरानंतर टिकलेल्या इम्प्लांटचं प्रमाण अनुक्रमे ८९, ८२ आणि ९९ टक्के होतं. हे आकडे रुग्णापासून लपवायचे नसतात. जिथे हाड रुंद आहे तिथे नेहमीचे दोनच घालावेत; जिथे नाही तिथे मिनी चारपेक्षा कमी घालू नयेत. चारातला एक गेला तरी तिघांवर कवळी चालते, दोनातला एक गेला की सगळं थांबतं.

जागा ठरवणं

हनुवटीच्या बाजूची नस हाडातून बाहेर पडते ती दोन छिद्रं स्कॅनवर खूण करून घेतली. बाहेर पडण्याआधी ही नस थोडी पुढे जाऊन मागे वळते, त्यामुळे बाहेरचे दोन इम्प्लांट छिद्राच्या ७ मिमी पुढे. हाडाच्या वळणावरून दोन छिद्रांतलं अंतर ४८ मिमी होतं. दोन्हीकडचे सात-सात काढल्यावर ३४ उरले, म्हणजे चार इम्प्लांटमध्ये साधारण ११ मिमीचं अंतर. हाउसिंग म्हणजे कवळीच्या आत बसणारी छोटी टोपी; तिच्यातली रबरी ओ-रिंग इम्प्लांटच्या डोक्यावरच्या गोळ्याला पकडते. तिचा व्यास पाच मिमीच्या आसपास असतो. हाउसिंगच्या मध्ये पुरेसं ॲक्रिलिक (कवळीचं प्लॅस्टिक) राहण्यासाठी एवढं अंतर सोयीचं.

हिरडीपासून दातांच्या कडेपर्यंतची जागा ११ मिमी निघाली. गोळा आणि हाउसिंग यांना पाच मिमी गेले की उरलेल्या सहात ॲक्रिलिक आणि दात बसवायचे. हे काठावरचं माप आहे, आणि त्याचा परिणाम पुढे दिसला.

शस्त्रक्रिया

ॲस्पिरिन बंद केली नाही. एवढ्या कामासाठी ती थांबवण्यातला धोका रक्तस्रावापेक्षा मोठा असतो. एक तास आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, खुर्चीत बसल्यावर क्लोरहेक्झिडीन ०.२ टक्क्याची एक मिनिट चूळ. भूल म्हणून लिग्नोकेन २ टक्के, ॲड्रेनलिन १:८०,०००, दोन्ही बाजूंना जागेवरच टोचून. पूर्ण नस बधिर करणारं इंजेक्शन मुद्दाम टाळलं, कारण ड्रिल नसेजवळ गेलं तर रुग्णाला कळायला हवं.

मिनी इम्प्लांट हिरडी न कापता बसवता येतात, हा त्यांचा सगळ्यात जास्त जाहिरात होणारा गुण. हाड रुंद असेल तर तो खरा आहे. धारदार माथ्यावर मात्र बाहेरून दिसणारी हिरडी फसवते: वरून पाच-सहा मिमी रुंद वाटतं आणि त्यातलं निम्मं मऊ मांस असतं. ड्रिल धारेवरून घसरून जिभेच्या बाजूला हाडाबाहेर गेलं तर तोंडाच्या तळाशी असलेली धमनी फाटू शकते. मग तळ सुजतो, जीभ वर उचलली जाते आणि श्वास अडतो. म्हणून इथे माथ्यावर छोटा चिरा देऊन हाड डोळ्यांनी पाहिलं, आणि धार फक्त एक मिमी गुळगुळीत केली, ड्रिलचं टोक टेकेल इतपत.

ड्रिल १.३ मिमीचं, वेग मिनिटाला १,००० ते १,२०० फेरे, थंड सलाइनची धार अखंड, वर-खाली उचलत. हाडाचं तापमान ४७ अंशांवर एक मिनिट राहिलं तरी ते मरतं हे १९८३ पासून माहीत आहे, आणि समोरचं खालचं हाड घट्ट असल्यामुळे ते लवकर तापतं. पहिलं छिद्र झालं की त्यात समांतर-पिन ठेवून पुढचं. दांडा आणि गोळा एकाच तुकड्यात असलेल्या एकसंध इम्प्लांटचा कोन नंतर बदलता येत नाही. चार गोळे एकमेकांना वाकडे राहिले तर ओ-रिंग दर काही महिन्यांनी फाटत राहते.

इम्प्लांट १३ मिमी लांबीचे. हाड मऊ असेल तर छिद्र लांबीच्या एक-तृतीयांश पुरतं. इथे आठ मिमीपर्यंत नेलं. कुपीतून झाकणासकट उचलून, बोट न लावता, आधी बोटांच्या चावीने, मग पंखांच्या चावीने, शेवटी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मोजणाऱ्या रॅचेटने. पाव फेरा आणि थोडं थांबणं, पुन्हा पाव फेरा. हाड दाबाला हळूहळू जागा देतं. घाई केली तर चिरतं.

दुसऱ्या इम्प्लांटला चार मिमी बाहेर असतानाच रॅचेट ४५ न्यूटन-सेंटिमीटरच्या पुढे जायला लागलं. इथे जोर लावणं ही सगळ्यात महाग चूक असते. बारीक इम्प्लांट मानेत तुटतो आणि खालचा तुकडा हाडात राहतो, किंवा हाड इतकं दाबलं जातं की रक्तपुरवठा थांबून ते महिनाभरात विरघळतं. उलटा फिरवून इम्प्लांट बाहेर काढला, निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवला, छिद्र अकरा मिमीपर्यंत खोल केलं आणि पुन्हा बसवला. शेवटचं वाचन ४०. पहिल्याचं ४०, तिसऱ्याचं ३८. चौथा, डावीकडचा बाहेरचा, मात्र २५ वरच थांबला.

(रॅचेटचा काटा खरं सांगतो का, हेही पाहायचं. वारंवार ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) गेलेली स्प्रिंग ढिली पडते आणि ३५ दाखवताना प्रत्यक्षात बराच वेगळा टॉर्क देते.)

चौघेही ३५ च्या वर असते तर त्याच दिवशी हाउसिंग बसवता आली असती. एक जरी खाली असला तरी थांबायचं, हा नियम. "आज लगेच लावून द्या ना," असा आग्रह होतोच, आणि तो समजण्यासारखाही आहे. पण पहिल्या महिन्यांत हलणाऱ्या इम्प्लांटभोवती हाडाऐवजी तंतू तयार होतात आणि मग तो कधीच पकड धरत नाही. कवळीला आतून चार खोलगट खड्डे पाडले, प्रत्येक सात मिमीचा, आणि मऊ सिलिकॉनचं अस्तर लावलं. गोळे त्या मऊ अस्तरात रुतून कवळीला थोडी पकड लगेच मिळाली. दोन आठवडे खिचडी, मऊ वरण-भात, लापशी, क्लोरहेक्झिडीन दिवसातून दोनदा, दुखल्यास पॅरासिटामॉल.

हाउसिंग बसवणं

तीन महिन्यांनी चौघांवर आरशाच्या दांडीने टिचकी मारली. आवाज स्वच्छ आणि खणखणीत, हालचाल नाही. एक्स-रेवर हाड इम्प्लांटच्या पेचाच्या वेट्यांना चिकटलेलं.

पुढची पायरी वरवर सोपी आणि बिघडवायला सगळ्यात सोपी. हाउसिंग गोळ्यांवर बसवल्या, त्यांच्याखाली रबर डॅमचे (पातळ रबरी पडद्याचे) छोटे तुकडे भोक पाडून घातले. हे तुकडे विसरले तर पातळ ॲक्रिलिक गोळ्याखालच्या मानेत जातं, तिथेच घट्ट होतं आणि कवळी तोंडातच अडकते. मग बरने (ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाने) कापून काढण्याशिवाय मार्ग नसतो. मऊ सिलिकॉनची तपासणी-पेस्ट खड्ड्यांत भरून कवळी बसवून पाहिली, हाउसिंग कुठेही भिंतीला लागत नाही याची खात्री होईपर्यंत खड्डे मोठे केले. जिभेच्या बाजूला जादा ॲक्रिलिक बाहेर यायला बारीक भोकं. मग सेल्फ-क्युअर, म्हणजे आपोआप घट्ट होणारं, ॲक्रिलिक, आणि दात हलकेच मिटून ठेवायला सांगितलं.

हलकेच, हा शब्द इथे फार महत्त्वाचा. जोरात चावलं तर हिरडी दबते, त्या दबलेल्या अवस्थेत हाउसिंग पक्की होते, आणि नंतर हिरडी वर आली की कवळी कायम इम्प्लांटवर उभी राहते. मिनीचं काम कवळी धरून ठेवणं आहे. चावण्याचं ओझं हिरडीने आणि मागच्या हाडाने घ्यायचं. चावताना सगळा भार चार बारीक दांड्यांवर गेला तर धातू थकून तुटणं हा फक्त वेळेचा प्रश्न उरतो. म्हणून कवळी मागे दाढांमागच्या गादीपर्यंत पूर्ण पसरलेली ठेवली, शेवटची दाढ काढून टाकली आणि दोन्ही बाजूंचे दात एकाच वेळी टेकतील असं चावणं जुळवलं.

पाच वर्षांत काय झालं

पहिली तक्रार नवव्या महिन्यात. लावताना येणारा "टक" आवाज गेला होता. ओ-रिंगचं रबर कडक होऊन भेगाळलं होतं. टोकदार हत्याराने जुनी काढून नवी व्हॅसलीन लावून दाबली, काही मिनिटांचं काम. त्यानंतर दरवर्षी चारही रिंग बदलल्या.

चौदाव्या महिन्यात कवळीला मधोमध चीर गेली, आतल्या दोन हाउसिंगच्या मधून. ११ मिमीच्या जागेची ही किंमत. हाउसिंगच्या वर ॲक्रिलिक जेमतेम सव्वा मिमी होतं. नुसतं सांधून दिलं असतं तर पुन्हा तिथेच तुटलं असतं, म्हणून नवी कवळी कोबाल्ट-क्रोमच्या ओतीव जाळीसह केली. आता अशा जागेत जाळी पहिल्याच कवळीत घालावी, असं आमचं मत आहे.

सगळ्यात शिकण्यासारखं अडीच वर्षांनी दिसलं. डाव्या बाहेरच्या इम्प्लांटभोवती, म्हणजे २५ टॉर्कच्याच जागी, एक्स-रेवर सुमारे दीड मिमी हाड कमी झालेलं. रुग्णाला दुखत नव्हतं. कवळीच्या मागच्या टोकावर बोटाने दाबलं तेव्हा पुढचा भाग किंचित उचलला जात होता. इम्प्लांट पुढे असल्यामुळे तिथलं हाड टिकतं, मागचं झिजतच राहतं. मग कवळी बाहेरच्या दोन इम्प्लांटवर टेकून वर-खाली डुलते आणि प्रत्येक घासाला ते दोघे वाकवले जातात. कमी टॉर्कवर बसलेल्याने आधी तक्रार केली, एवढंच. उपाय इम्प्लांटवर नव्हता: कवळीच्या मागच्या भागाला नवीन अस्तर, मानेवरचं किटण प्लॅस्टिकच्या हत्याराने साफ करणं आणि घरच्या ब्रशिंगची पुन्हा शिकवणी. पुढच्या दोन वर्षांच्या एक्स-रेत झीज वाढलेली नाही. मागच्या अस्तराची तपासणी वर्षातून एकदा आणि गरजेप्रमाणे नवं अस्तर, हेच मिनी दीर्घकाळ टिकवण्याचं खरं काम आहे.

घरच्या सूचना थोड्या पण ठाम होत्या. रोज रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची. उकळत्या पाण्यात कधीच नाही, आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात खिडकीवर कोरडी तर नाहीच, कारण सुकलेलं ॲक्रिलिक आकार सोडतं. गोळ्यांभोवती एका झुबक्याचा छोटा ब्रश दोन वेळा. कवळी दातांनी चावून बसवायची नाही, दोन्ही अंगठ्यांनी दाबायची.

हाच उपाय शेजाऱ्याला?

रुग्णांचे नातेवाईक हे विचारतातच. एका दाढेच्या जागी एक मिनी आणि त्यावर कॅप, याला आमचा नकार असतो. तिथे इम्प्लांटला वाटेकरी नसतो आणि दाढेची कॅप रुंद असल्यामुळे प्रत्येक घास दांडा वाकवतो. समोरच्या (विरुद्ध) जबड्यात स्वतःचे मजबूत दात असतील किंवा रात्री दात खाण्याची सवय असेल तरीही नको. वरच्या जबड्यात हाड मऊ, म्हणून सहापेक्षा कमी नाहीत आणि लगेच भार नाही. अरुंद जागेतला एकच दात, जसा वरचा बाजूचा छोटा दात किंवा खालचा पुढचा, हे मात्र ३ मिमीच्या इम्प्लांटचं हक्काचं ठिकाण आहे: शेजारच्या दातांपासून दीड-दीड मिमी सोडायचं म्हटलं तर सहा मिमीच्या फटीत त्याहून जाड मावतच नाही.

रुग्णाकडे आज एक कार्ड आहे. त्यावर इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी, चौघांचे लॉट क्रमांक, प्रत्येकाचा बसवतानाचा टॉर्क आणि ओ-रिंगचा भाग क्रमांक लिहिलेला आहे. मुलाकडे पुण्याला गेल्यावर रिंग ढिली झाली आणि तिथल्या डॉक्टरकडे दुसऱ्याच मापाची रिंग असेल, तर ती एक तर धरणार नाही, नाहीतर गोळा इतका घट्ट पकडेल की काढताना इम्प्लांटवर ओढ येईल. कार्ड पाकिटात ठेवायचं आणि त्याचा फोटो मुलाच्या फोनमध्ये.